पाणंदीवरची मालवाहू रिक्षा: मागची चाकं आणि क्लच कसे निवडावेत

दोन पावसाळ्यांपूर्वी नारायणगावच्या मार्केटला निघालेली माझी मालवाहू रिक्षा टोमॅटोच्या २४ क्रेटांसकट पाणंदीच्या चढावर थांबली. इंजिन जोरात ओरडत होतं, गाडी इंचभर सरकत नव्हती आणि खालून जळक्या ऑइलचा वास येत होता. क्लचप्लेटा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या चकत्या, टाकून जेमतेम दोन महिने झाले होते. गॅरेजवाल्यानं क्लचचं झाकण उघडलं आणि एक प्लेट बोटात अडकवून उजेडात धरली. तिच्यावर चिकटवलेल्या कॉर्कवरच्या खाचा पार पुसल्या गेल्या होत्या, कडा कोळशासारख्या काळ्या. शेजारची लोखंडी प्लेट निळी-जांभळी पडलेली. "प्लेटांचा दोष नाही दादा," तो म्हणाला, "मागं टायर कोणते घातलेत ते बघा."

टायर मी हौसेनं घातले होते. मूळ मापापेक्षा मोठे, खोल नक्षीचे, चिखलात कुठेही अडकणार नाहीत असं सांगून दुकानदारानं दिलेले. गाडी दोन बोटं उंच झाली हे खरं. पण तोच माल ओढायला इंजिनावर जास्त ताण यायला लागला, आणि जोर कमी पडला की मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी रेटत होतो. चाक मोठं झालं त्याची किंमत क्लचनं भरली.

तेव्हापासून हे दोन खर्च मी वेगळे धरत नाही. आधी मागची चाकं ठरवायची, मग क्लचला हात घालायचा. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे, आणि तो शेतरस्ता, मुरूम, खडी, काळी माती यांतून माल काढणाऱ्या तीनचाकीसाठी आहे. फक्त डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला यातली निम्मी काळजी लागणार नाही.

जोर नेमका कुठे जातोय?

"गाडी ओढत नाही" म्हटलं की बहुतेक जण थेट प्लेटा बदलायला सांगतात. त्याआधी अर्धा तास काढा.

सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एकट्यानं ढकला. रिकामी तीनचाकी एका माणसाला सहज ढकलता यायला हवी. जड जात असेल तर ब्रेक धरतोय. पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक ड्रमांजवळ हात न्या. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा खूप तापलेला असेल तर दोष त्या चाकाच्या ब्रेकमध्ये आहे. अशा गाडीत नवा क्लच घातला तर तोही जळणार.

मग माल भरून एखाद्या लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर वाढवा. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच स्लिप मारतोय. आवाजही चढत नाही आणि गाडी दबून जाते, तर क्लच धरतोय पण इंजिन कमी पडतंय. तेव्हा एअर फिल्टर, इंधन आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, बघा. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल किंवा न्यूट्रल सापडायला झगडावं लागत असेल, तर क्लच सुटत नाहीये. तिथं आधी केबल तपासायची.

केबलचा खेळ, म्हणजे सैलपणा, बघायला विसरू नका. क्लचची मूठ दाबायला सुरुवात केली की पहिले दोन-तीन मिलिमीटर ती सैल यायला हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हा सैलपणा शून्य असेल तर तुम्ही हात न लावताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि दिवसभर घसरत राहतो. केबलचा नट दोन आटे फिरवून बरी झालेली गाडी मी पाहिली आहे, आणि त्याच दोषासाठी सगळा सेट बदललेलीही पाहिली आहे.

वजन आणि चाकाचा फेरा

टायर घेण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत.

पहिला आकडा मागच्या चाकांवर येणाऱ्या वजनाचा. रोजच्यासारखा माल भरा आणि वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढचं चाक काट्याबाहेर जाईल इतकी गाडी पुढे घेऊन फक्त मागच्या दोन चाकांचं घ्या. समजा पूर्ण गाडी ९५० किलो भरली आणि मागची चाकं ६८०. म्हणजे सपाट रस्त्यावर एका मागच्या चाकावर ३४० किलो. पण पाणंदीत एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर असतं, गाडी एका अंगाला कलते आणि खालच्या बाजूच्या चाकावर याहून बराच जास्त भार जातो. टायर निवडताना ही शिल्लक धरायची. एकूण वजन आरसी बुकातल्या मर्यादेपलीकडे जात असेल तर कोणताही टायर आणि कोणताही क्लच पुरणार नाही, दोन क्रेट कमी करा.

दुसरा आकडा फेऱ्याचा, म्हणजे चाक एकदा पूर्ण फिरलं की गाडी किती पुढे जाते त्याचा. माल भरलेला असतानाच मागच्या टायरवर, तो जमिनीला टेकतो तिथं, खडूची रेघ मारा, तशीच जमिनीवर मारा. गाडी सरळ ढकला. रेघ पुन्हा खाली आली की तिथं दुसरी खूण करा आणि टेपनं अंतर मोजा. समजा १४५ सेंटिमीटर आलं. कुणी तुम्हाला १५२ सेंटिमीटर फेऱ्याचा टायर देत असेल, तर तो पाच टक्क्यांनी मोठा आहे. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा ओढीचा जोर साधारण तितकाच कमी होणार. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. बांधावर पहिल्या गिअरमध्ये जेमतेम चढणाऱ्या गाडीला तेवढेच नडतात, आणि उरलेली कसर आपण हाफ क्लचनं भरून काढतो.

टायर

आपल्याकडच्या तीनचाकींत दोन मापं जास्त दिसतात: ४.००-८ आणि ४.५०-१०. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. प्रवासी रिक्षांत ४.००-८ पुष्कळ दिसतो, मालवाहू गाड्यांत ४.५०-१०. कंपनीनं दिलेलं माप सोडू नका. ओढीचं कारण वर आलंच, शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पासिंगला अडकलात तर ते टायर परत काढावेच लागतात.

माप तेच ठेवूनही निवडायला खूप काही उरतं. पहिलं बघायचं पी.आर. म्हणजे प्लाय रेटिंग. टायर किती भार झेलण्याइतका मजबूत बांधला आहे ते त्यावरून कळतं. ६ पी.आर. आणि ८ पी.आर. दिसायला सारखेच, पण गाडीला ८ सांगितला असताना स्वस्त मिळतो म्हणून ६ घेतला तर भरल्या गाडीत टायरची बाजू दबते, तापते आणि खडीच्या एका कोपऱ्यानं फाटते. त्याच्याजवळच भार निर्देशांकाचा आकडा असतो. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. वरच्या उदाहरणात चाकावर सपाटीला ३४० किलो आहेत. तिथं ७५ चा टायर कागदावर बसतो, पण मी तो पाणंदीसाठी घेणार नाही. ८० किंवा त्याहून वरचाच घेईन.

नक्षी कोणती हे माती सांगते. काळ्या मातीच्या शिवारात लग टायर, म्हणजे रुंद फटींचे जाड ठोकळे असलेला, खरंच उपयोगी पडतो, कारण फिरताना चिखल फटींतून बाहेर फेकला जातो. बारीक नक्षीचा टायर त्या मातीत दोन फेऱ्यांत गुळगुळीत गोळा होतो. पण तुमच्या रोजच्या ४० किलोमीटरांतले ३५ डांबरी असतील तर लग लवकर झिजतो, आवाज करतो आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतो. अशा गाडीला मधल्या जातीचा टायर घ्यावा: मध्यभागी सलग पट्टी आणि कडांना ठोकळे. मुरमाड, खडीच्या रस्त्याला नक्षीपेक्षा बाजूची जाडी महत्त्वाची. दुकानात टायर उभा करून दोन्ही हातांनी बाजू आत दाबून बघा. दोन-तीन टायर असे दाबले की फरक हाताला कळतो.

काळ्या मातीसाठी अजून एक तपासणी. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती जागा आहे ते बघा. चिकट माती चाकावर थर धरते आणि मडगार्डला घासायला लागते. मग चाक ब्रेक लावल्यासारखं जड फिरतं आणि भार पुन्हा क्लचवर येतो. माझ्या गाडीत मोठ्या टायरांनी ही जागा जवळजवळ संपवली होती. पावसात दर खेपेला पहारीच्या टोकानं माती काढावी लागायची. आता मूळ मापाच्या टायरांवर तीन बोटं सहज आत जातात.

दोन्ही मागचे टायर एकदम आणि एकाच जातीचे बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल तर दोन्हींचा फेरा वेगळा होतो. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या भागाचे, दाते सतत एकमेकांवर फिरत राहतात आणि गाडी एका बाजूला ओढते. काढलेल्यांपैकी जो बरा असेल तो स्टेपनीला ठेवा.

तयार झाल्याची तारीखही वाचा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात उन्हात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी मागच्या चाकाला मी घालत नाही. रबर चढवलेल्या रिमोल्ड टायरांबद्दलही तेच माझं मत. सपाट रस्त्याला चालतील, पाणंदीत दगडाच्या कडेला त्यांची चढवलेली पट्टी सुटते.

ट्यूब नवीच घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते आणि घडीवरच पंक्चर होतं.

रिम, आणि एक धोका

अनेक तीनचाकींची रिम दोन तुकड्यांची असते. दोन पत्र्याचे भाग नटांनी जोडलेले, मध्ये टायर. चाकावर म्हणून दोन प्रकारचे नट दिसतात: चाक ड्रमला धरणारे आणि रिमचे दोन भाग एकमेकांना धरणारे. ट्यूबमध्ये हवा असताना दुसऱ्या प्रकारचे नट सोडले तर दोन्ही भाग स्फोटासारखे उडतात. तोंड, हात, काहीही वाचत नाही. चाक गाडीवरून काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर हातानं दाबून खात्री करा, मगच पाना लावा. पंक्चरवाला घाईत असेल तरी त्याला थांबवा. यात संकोच करू नका.

रिम तपासायला ती आधी तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करा. नटांच्या भोकांभोवती बारीक तडे दिसतात का? भोकं गोल आहेत की लांबट झालीत? लांबट भोक म्हणजे नट सैल राहून चाक हललेलं आहे, ती रिम भंगारात. टायर जिथं टेकतो त्या कडेला गंजाचे खवले असतील तर ते ट्यूब कापतात. थोडा गंज असेल तर घासून रंग द्या, पत्रा पातळ झाला असेल तर बदला. वेल्डिंग केलेली रिम मालाच्या गाडीला नको.

वाकलेली रिम ओळखायला चाक जॅकवर घ्या, एक खिळा विटेवर टेकवून रिमच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर धरा आणि चाक फिरवा. अंतर कमी-जास्त झालं तर रिम वाकडी आहे. त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा ड्रमच्या आतले दाते झिजलेत. झिजलेल्या दातांवर नवं चाक बसवून उपयोग नाही. ड्रम उघडाच आहे तर ब्रेक शू आणि ऑइल सीलही बघून घ्या. सीलमधून ऑइल गळत असेल तर ते शूवर येतं आणि ब्रेक जातो.

नवी रिम घेताना जुनी सोबत न्या आणि एकावर एक ठेवून भोकं, मधलं छिद्र आणि खोली जुळवा. खोलीत फरक असेल तर टायर आत घासतो किंवा चाक बाहेर येऊन बेअरिंगवर जादा ताण देतं.

क्लच उघडल्यावर

बहुतेक तीनचाकींत ऑइलमध्ये बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. एक कॉर्क प्लेट, एक लोखंडी प्लेट, असे आलटून पालटून थर, आणि त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. तुमच्या गाडीत कोरडा, एका प्लेटचा असेल तर त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलायचं आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, पृष्ठभाग तपासायचा. पुढचं सगळं ओल्या क्लचबद्दल आहे.

प्लेटा काढताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या. काही सेटमध्ये पहिली किंवा शेवटची प्लेट वेगळी असते आणि लोखंडी प्लेटांच्या धारदार कडा एकाच दिशेला असतात. उलटसुलट बसल्या तर क्लच सुटताना अडकतो.

कॉर्क प्लेट व्हर्नियरनं, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या पट्टीनं, चार जागी मोजा. किमान जाडी गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते. पुस्तक नसेल तर दुकानातल्या नव्या प्लेटशी ताडून बघा. जाडी ठीक पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तरी ती प्लेट गेली. लोखंडी प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि कडेखाली फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीची पातळ पत्री, सरकवा. अशा छोट्या क्लचमध्ये साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही. निळे डाग पडलेली प्लेट सपाट असली तरी परत घालू नका. ती एकदा तापून गेली आहे.

स्प्रिंगा त्याच काचेवर शेजारी शेजारी उभ्या करा. माझ्या जळालेल्या क्लचच्या चार स्प्रिंगांपैकी एक बाकीच्यांपेक्षा नखाएवढी बुटकी निघाली. एका बाजूला दाब कमी, म्हणून प्लेटाही एका बाजूलाच जास्त घासल्या होत्या. एक जरी कमी असली तरी सगळ्या बदला.

शेवटी बास्केट, म्हणजे प्लेटांचे कान ज्या खाचांत सरकतात तो बाहेरचा डबा. खाचांच्या आत बोट फिरवा. नखाला पायऱ्या लागत असतील तर प्लेटा तिथं अडकतात आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. हलक्या पायऱ्या कानशीनं सपाट होतात. खोल असतील तर बास्केट बदलावीच लागते. नवा सेट घालूनही थरथर न गेलेल्या गाड्यांत हे कारण पुष्कळदा सापडतं.

यावरून काय विकत घ्यायचं ते ठरतं. लोखंडी प्लेटा सपाट, स्प्रिंगा बरोबरीच्या, बास्केट गुळगुळीत असेल तर नुसत्या कॉर्क प्लेटा पुरतात. क्लच जळालाच असेल तर कॉर्क, लोखंडी आणि स्प्रिंगा असा पूर्ण सेट घ्या. केबल मात्र दोन्ही वेळा नवी.

पाणंदीच्या गाडीला "कडक स्प्रिंग" घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. काही जण जुन्या स्प्रिंगखाली वॉशर टाकतात. त्यानं स्लिप थोडी कमी होते, पण मूठ जड होते, केबल तुटते, दाब देणारं बेअरिंग लवकर जातं आणि मनगट दुखतं ते वेगळंच. मूळ ताकदीची नवी स्प्रिंग आणि मूळ मापाचं चाक असताना मला त्याची गरज पडलेली नाही.

दुकानात

पियाजोचा कारखाना बारामतीत, बजाजच्या तीनचाकी वाळूजच्या. त्यामुळे आपल्याकडे सुट्या भागांची वानवा नाही, पुण्याच्या नाना पेठेत तर रांगेनं दुकानं आहेत. अडचण असते ती योग्य माल ओळखण्याची. नुसतं गाडीचं नाव सांगू नका. डिझेल, सीएनजी आणि पेट्रोलचे क्लच वेगळे असू शकतात, त्याच मॉडेलमध्ये सालानुसारही बदल झालेले असतात. चेसिस नंबर, साल, इंधन आणि जुना भाग, चारही घेऊन जा. पार्ट नंबर पुस्तकातून किंवा अधिकृत दुकानातून लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडा.

मग खोकं तिथंच उघडा. प्लेटांची संख्या मोजा. जुनी प्लेट नव्यावर ठेवून कान आणि दाते जुळतात का बघा. कॉर्कचे तुकडे धातूला सगळीकडे नीट चिकटलेत का, कडा उचललेल्या नाहीत ना, हे नखानं तपासा. दुसऱ्या नामांकित बनावटीचा माल वाईट असतो असं नाही, मी वापरतो. पण छापील किंमत, उत्पादकाचं नाव आणि बिल यांतलं काहीही नसलेला सेट निम्म्या किमतीत मिळाला तरी सोडा. तो उघडून बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

ऑइल इथंच घ्या. क्लच इंजिन ऑइलमध्ये आहे की वेगळ्या गिअर ऑइलमध्ये, हे पुस्तकात बघून तेच घ्या. पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनाच्याच ऑइलमध्ये क्लच बुडालेला असेल तर डब्यावर जासो (JASO) या जपानी मानकाची एम.ए. किंवा एम.ए. २ ही खूण शोधा. ती ओल्या क्लचसाठी असते. मोटारींच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती चांगली, या क्लचला घसरवणारी.

बसवताना आणि नंतर

नव्या कॉर्क प्लेटा आदल्या रात्री त्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच पृष्ठभाग जळू शकतो. स्प्रिंगांचे बोल्ट एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे, आळीपाळीनं. झाकणाचं गॅस्केट नवं. केबलचा खेळ सगळ्यात शेवटी लावा.

चाकांचे नट हलक्या हातानं, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. नटाला निमुळतं तोंड असेल तर ते रिमकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डाव्या-उजव्या चाकाला तो जुळवून घ्या. हवा कंपनीनं सांगितली तेवढीच. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी करायची सवय ट्यूबच्या टायरात वाईट. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो.

पहिले २००-३०० किलोमीटर माल निम्मा ठेवा. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. चिखलात एक चाक गरगर फिरायला लागलं की लगेच थांबा. डिफरन्शियलमुळे ते रिकामं चाकच फिरत राहतं आणि दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही, तुम्ही कितीही एक्सलेटर दिलात तरी. खाली उतरा, त्या चाकापुढे उसाचं पाचट, पोतं किंवा चपटे दगड घाला, थोडे क्रेट उतरवा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून निघा.

५० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. ५०० नंतर क्लचचा खेळ पुन्हा लावा, कारण प्लेटा बसतात आणि केबल ताणते. बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा, पार्ट नंबर आणि चाकाच्या फेऱ्याचे सेंटिमीटर मी केबिनच्या आतल्या पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून ठेवले आहेत. पुढच्या वेळी दुकानात जाताना त्याचाच फोटो काढून न्यायचा.